मावळातील शाकारणी आणि घरदुरुस्तीतील चुका

मावळ तालुक्यात, पवना नदीच्या काठी, सोमाटण्याजवळ वसलेले शिरगाव आज साईबाबांच्या प्रतिशिर्डी मंदिरामुळे ओळखले जात असले, तरी घरबांधणीच्या अभ्यासकाला त्याचे भौगोलिक स्थान अधिक लक्षणीय वाटते. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास कोसळणारा पाऊस पूर्वेकडे झपाट्याने ओसरतो. त्यामुळे घाटालगतची उभ्या उताराची छपरे व कारवीच्या काठ्या विणून मातीने लिंपलेले कुड आणि देशावरील जाड मातीच्या भिंती, या दोन पद्धतींच्या सांध्यावर हा पट्टा येतो.

घराचा लाकडी सांगाडा सुतार उभा करी, परंतु गिलावा, सारवण, भुई चोपणे आणि शाकारणी ही कामे बहुधा घरचीच माणसे करीत. शाकारणी म्हणजे मृगापूर्वी छपरावरील कौले उतरवून, वाळवी लागलेल्या रिपा व वासे बदलून, फुटकी कौले काढून टाकून ती पुन्हा रचणे. नळीची कौले नुसती एकमेकांवर टेकलेली असल्याने वरच्या कौलाचा खालच्यावरील चढ थोडा अपुरा पडला, तरी जोरदार सरीत पाणी आत उतरे. मातीचेही तसेच होते. शेतातील काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून भिंतीसाठी गावठाणातील पांढरी माती निवडली जाई आणि गिलाव्याच्या मातीत भेगा आवरण्यासाठी भाताचे तूस किंवा गवत कालवून ती मुरत ठेवली जाई. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथातून आलेले नव्हते. आज चुकलेले काम आषाढात गळत असे आणि पुढच्या वैशाखात, त्याच हातांनी, निस्तरले जाई. चूक आणि तिचा परिणाम यांत इतके थोडे अंतर असणे, हेच या पद्धतीचे खरे बळ होते.

अशा हातांत रुजलेल्या सवयी, विशेषतः लाकडी बांधणीच्या, किती चिवट असतात, याची साक्ष याच तालुक्यात कोरलेली आहे. भाजे येथील, सामान्यतः इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या चैत्यगृहाचे, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचे, खांब आतल्या बाजूस कललेले आहेत. लाकडी कमानीचा बाहेर रेटणारा भार तोलण्यासाठी असा कल द्यावा लागतो; अखंड कातळात त्याची काहीच गरज नव्हती. नंतरच्या कार्ले लेण्यात खांब सरळ उभे झाले, छताखालच्या लाकडी फासळ्या मात्र तेथेही बसवल्या गेल्या.

खंडाळा ते पुणे लोहमार्ग 1858 मध्ये सुरू झाला आणि 1863 मध्ये बोरघाट रेल्वेने पार झाल्यावर बाहेरचा माल मावळात येणे सोपे झाले. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. तेथील चपटी, एकमेकांत खाचांनी अडकणारी कौले पुढे सर्वत्र पसरली, त्यामागोमाग पत्रे आले, आणि शाकारणीचे काम कमी होत गेले. ही सोय निर्विवाद होती, आणि दरवर्षी छपरावर चढणाऱ्यांचे कष्ट कमी झाल्याबद्दल हळहळणे हा शहरी विलासच ठरेल.

सिमेंटची गोष्ट मात्र वेगळी आहे. मातीची भिंत जोत्यातून वर चढणारी ओल शोषते आणि उन्हाळ्यात ती पृष्ठभागातून बाहेर सोडते. मजबुतीच्या आशेने तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, की ही वाट जवळजवळ बंद होते. पहिली काही वर्षे भिंत गुळगुळीत व कोरडी दिसते, आत मात्र माती मऊ पडत जाते, ओल अधिक उंचीपर्यंत चढते, आणि अखेर गिलावा पापुद्र्यांऐवजी थाळ्यांसारखा सुटतो. परिणाम इतका उशिरा दिसतो, की दोष सिमेंटला न देता मातीला दिला जातो आणि पडलेल्या जागी पुन्हा सिमेंटच थापले जाते. त्यावर उपाय जुनाच आहे: निदान ओलीच्या रेषेच्या वरपर्यंत सिमेंट खरवडून भिंत उघडी ठेवायची, ती पुरती वाळू द्यायची, जोत्याभोवती पागोळ्यांचे पाणी साचणार नाही असा उतार करायचा, आणि मगच मातीचा किंवा नीट विरवलेल्या चुन्याचा गिलावा द्यायचा, कारण अर्धवट विरलेल्या चुन्याचे खडे नंतर फुगून भिंतीवर खळगे पाडतात.