शब्दवेध : ओनेसिमस

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, १९२२ मधील मृत्यूपर्यंत, बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम केले. संस्कृत व्याकरणात मुरलेल्या या विदुषीला मूळ धातूचे मोल वेगळे सांगावे लागले नसेल. ते मोल किती, हे बायबलमधील, प्रेषित पौलाने फिलेमोनास लिहिलेल्या, अवघ्या २५ वचनांच्या ग्रीक पत्रात दिसते. त्यात ज्याच्यासाठी रदबदली आहे त्या दासाचे नाव ओनेसिमस, म्हणजे ‘उपयोगी’, असे असून पूर्वी ‘आख्रेस्टोस’ (निरुपयोगी) असलेला तो आता ‘यूख्रेस्टोस’ (फार उपयोगी) झाला, अशी कोटी पौल करतो. या दोन्हींतल्या ‘ख्रेस्टोस’चा उच्चार ‘ख्रिस्तोस’च्या इतका जवळचा होता की ‘आख्रेस्टोस’मध्ये ‘ख्रिस्ताविना’ असाही ध्वनी काही अभ्यासकांना ऐकू येतो. ‘निरुपयोगी–उपयोगी’ ही जोडी मराठीत सुदैवाने आयतीच सापडते, नाव मात्र मुके विशेषनाम होऊन बसते. आणि विसाव्या वचनात स्वतःसाठी लाभ मागताना पौल त्या नावाशी नाते सांगणारे ‘ओनाइमीन’ हे क्रियापद योजतो, ही खोच तर अनुवादात पुरतीच हरवते.