एक अब्ज सेकंदांचा उत्सव

मोबाइलची बॅटरी पूर्ण उतरल्यानंतर, किंवा एखाद्या जुन्या फाइलची नोंद बिघडल्यानंतर, पडद्यावर एक चमत्कारिक तारीख उमटलेली तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल : १ जानेवारी १९७०, पहाटे ५ वाजून ३० मिनिटे. तेव्हा आपला जन्मही झालेला नव्हता, मग आपल्या यंत्राला नेमकी तीच पहाट का आठवावी? आजचा थ्रेड त्या पहाटेविषयी आहे, आणि त्या पहाटेपासून मोजलेल्या एका आकड्यासाठी जगभरच्या संगणकतज्ज्ञांनी भरवलेल्या मेळाव्यांविषयी.

रविवार, ९ सप्टेंबर २००१. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. पहाटेचे पावणेचार वाजून गेलेले. अशा अवेळी तेथील युनिक्स वापरणाऱ्यांच्या संघटनेने मेजवानी ठेवली होती. सण नव्हता, जयंती नव्हती, कोणा राजाचा राज्यारोहण दिनही नव्हता. ३ वाजून ४६ मिनिटे ४० सेकंदांनी एक आकडा ९९,९९,९९,९९९ वरून १,००,००,००,००० वर जाणार होता. त्या क्षणी युनिक्स प्रणालीच्या घड्याळाने एक अब्ज सेकंद पूर्ण केले. इंग्रजीत या प्रसंगाला ‘बिलेनियम’ असे गमतीदार नाव पडले. मिलेनियम नुकतेच साजरे झाले होते, त्यावर केलेली ही कोटी. आपल्याकडे तेव्हा सकाळचे सव्वासात वाजून गेले होते.

हे घड्याळ कसे चालते, ते आधी पाहू. युनिक्सला महिने ठाऊक नसतात, वार ठाऊक नसतात. ठरलेल्या आरंभबिंदूपासून किती सेकंद लोटले, एवढी एकच संख्या ती सांभाळते. तारीख, वार, अधिक महिना असलाच तर तोही, हे सारे नंतर त्या संख्येवरून गणिताने काढायचे. एक अब्जाला एका दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा. ११,५७४ दिवस येतात आणि ६,४०० सेकंद उरतात, म्हणजे १ तास ४६ मिनिटे ४० सेकंद. १ जानेवारी १९७० पासून तेवढे दिवस मोजले की आपण ९ सप्टेंबर २००१ ला पोहोचतो. डेन्मार्कचे उन्हाळी घड्याळ जागतिक वेळेच्या दोन तास पुढे, म्हणून तेथे पावणेचारनंतरचा तो क्षण.

आरंभबिंदू १९७० च का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना माझी थोडी निराशा झाली, आणि नंतर मौज वाटली. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली. ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेच्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत कालगणना १ जानेवारी १९७१ पासून धरली आहे, आणि एकक आहे सेकंदाचा साठावा भाग. साठावा भाग अशासाठी की अमेरिकेतील वीज सेकंदाला साठ आवर्तने करते आणि यंत्राचे घड्याळ त्या आवर्तनांवर चालत असे. (हे काम भारतात झाले असते तर कदाचित पन्नासावा भाग आला असता, आपली वीज पन्नास आवर्तनांची.) ही संख्या बत्तीस बिटांत साठवायची होती. बत्तीस बिटांत मावते सुमारे ४२९ कोटी. साठाव्या भागांनी मोजले तर तेवढी संख्या ८२९ दिवसांतच संपते. कर्त्यांना हे ठाऊक होते. पुस्तिकेतच दोषांच्या रकान्यात त्यांनी तशी कबुली देऊन ठेवली आहे.

मग आरंभबिंदू पुढे सरकवण्याचे प्रयोग झाले. शेवटी साठावा भाग सोडून पूर्ण सेकंद हे एकक स्वीकारले आणि आरंभ म्हणून १९७० सालाची पहिली मध्यरात्र धरली. त्या रात्री जगात विशेष काही घडले नव्हते. गोल आकडा होता, जवळचा होता, सोयीचा होता, इतकेच. ज्या ग्रीनिचच्या नावाने ही मध्यरात्र ओळखली जाते, तेथील भिंतीवरच्या घड्याळात तरी तेव्हा बारा वाजले असतील, असे आपण गृहीत धरतो. तेही खरे नाही. १९६८ ते १९७१ या काळात ब्रिटनने वर्षभर एक तास पुढची वेळ पाळण्याचा प्रयोग चालवला होता. त्यामुळे आरंभाच्या क्षणी लंडनमध्ये रात्रीचा एक वाजला होता, आणि भारतात पहाटेचे साडेपाच. आपल्या मोबाइलवर उमटणारी ती पहाट येथून आलेली आहे.

येथे क्षणभर कोकणात जाऊ. कालगणनेचा इतिहास वाचताना मला ही युक्ती ओळखीची वाटली, कारण ती आपल्याकडे फार जुनी आहे. ठरलेल्या दिवसापासून लोटलेल्या दिवसांच्या संख्येला भारतीय ज्योतिषात ‘अहर्गण’ म्हणतात. ग्रह कोठे आहे हे काढायचे तर आधी अहर्गण काढायचा, मग ग्रहाच्या गतीने गुणायचे. सिद्धांतग्रंथ हा अहर्गण कल्पारंभापासून किंवा युगारंभापासून मोजतात आणि संख्या अवाढव्य होते. म्हणून करणग्रंथकारांनी आपल्या काळाजवळचा आरंभ निवडण्याची वाट धरली. नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा ‘ग्रहलाघव’ शके १४४२ पासून, म्हणजे इ. स. १५२० पासून, मोजतो. त्यानेही संख्या वाढेल म्हणून अकरा-अकरा वर्षांची चक्रे पाडली; एका चक्राचे दिवस ४,०१६. चक्र पूर्ण झाले की अहर्गण पुन्हा लहान संख्येपासून सुरू. पाटीवर गणित करणाऱ्या पंचांगकर्त्याला लहान आकडा हवा होता, बेल प्रयोगशाळेतील यंत्रालाही लहान आकडाच हवा होता. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ च्या ग्रंथात करणग्रंथांच्या आरंभवर्षांची चर्चा वाचताना मला युनिक्सच्या त्या पहिल्या पुस्तिकेची आठवण येत राहते. यांनी त्यांच्याकडून घेतले असा दावा मात्र कोणी करू नये. अडचण सारखी होती आणि उपाय सारखा सुचला.

आता पुन्हा २००१ कडे. या मेजवानीला एक ताजी पार्श्वभूमी होती. अवघ्या वीस महिन्यांपूर्वी ‘वाय टू के’चे भय सरले होते. वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवणाऱ्या प्रणाली २००० साली गोंधळतील, ही ती भीती. ते दुरुस्तीचे काम मोठ्या प्रमाणावर भारतीय अभियंत्यांकडे आले. मुंबई-पुण्यातील कितीतरी घरांतली मुले त्या निमित्ताने प्रथम परदेशी गेली. अंक बदलण्याच्या क्षणाची ज्यांना इतकी धास्ती घ्यावी लागली, त्याच व्यवसायातील माणसे आता अंक बदलण्याचा क्षण पेला उंचावून साजरा करत होती. मला यात सुटकेचा निःश्वास ऐकू येतो. हे माझे वाचन आहे, पुरावा नव्हे.

निःश्वास अगदीच निर्वेध नव्हता. काही प्रणाली हा आकडा संख्या म्हणून न साठवता अक्षरांची मालिका म्हणून साठवत. शब्दकोशाच्या न्यायाने क्रम लावला तर १ ने सुरू होणारी मालिका ९ ने सुरू होणारीच्या आधी येते. परिणामी ‘केमेल’ या टपाल प्रणालीसारख्या काही ठिकाणी नवी पत्रे जुन्यांच्या आधी लागू लागली. दोष किरकोळ होता आणि लवकर दुरुस्त झाला.

त्या मेजवानीनंतर ५९ तासांनी न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रावर पहिले विमान आदळले. हे तास मी अंदाजाने लिहिलेले नाहीत. अमेरिकेच्या चौकशी आयोगाने पहिल्या धडकेची नोंदलेली वेळ सकाळी ८ वाजून ४६ मिनिटे ४० सेकंद अशी आहे. जागतिक वेळेत १२:४६:४०. एक अब्जाव्या सेकंदानंतर बरोबर २,१२,४०० सेकंद. मिनिटे आणि सेकंद दोन्हीकडे तेच. असे जुळलेले आकडे पाहिले की मन अर्थ शोधू लागते. तो शोधू नये. येथे निव्वळ योगायोग आहे, आणि मी तो एवढ्यासाठी सांगितला की पुढे कोणी तुम्हाला हेच आकडे गूढ म्हणून दाखवले तर ते कोठून आले हे तुम्हाला ठाऊक असावे. पण एक परिणाम खरा आहे. त्या आठवड्याच्या स्मृतीत कोपनहेगनच्या पहाटेला जागाच उरली नाही.

दुसरा मोठा मेळावा साडेसात वर्षांनी आला, आणि तो एका शहरापुरता राहिला नाही. शुक्रवार, १३ फेब्रुवारी २००९ रोजी जागतिक वेळेनुसार २३:३१:३० ला घड्याळाने दाखवले १२३४५६७८९०. आपल्या भाषेत एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद. तेरा तारखेचा शुक्रवार पाश्चात्त्यांना अशुभ, आणि दुसऱ्या दिवशी व्हॅलेंटाइन डे. संगणकवाल्यांच्या विनोदबुद्धीला आणखी काय हवे होते! सॅन फ्रान्सिस्कोत दुपारचे साडेतीन, न्यूयॉर्कमध्ये सायंकाळचे साडेसहा, लंडनमध्ये रात्रीचे साडेअकरा. बर्लिनमध्ये मध्यरात्र उलटून व्हॅलेंटाइन डे लागलाच होता. भारतात शनिवार उजाडत होता, पहाटेचे पाच वाजून एक मिनिट. ठिकठिकाणी मेळावे भरले. गूगलने आपल्या मुखपृष्ठावरच्या चित्रातून या आकड्याची दखल घेतली.

यातली गंमत अशी की यंत्राच्या दृष्टीने त्या आकड्यात काहीच विशेष नाही. यंत्र शून्य आणि एक यांतच मोजते. त्याच्या हिशेबाने खरा टप्पा १० जानेवारी २००४ रोजी येऊन गेला होता, जेव्हा सेकंदांची संख्या दोनाच्या तिसाव्या घाताला, म्हणजे १०७,३७,४१,८२४ ला, पोहोचली. एक ते नऊ आणि मग शून्य, हा क्रम सुंदर वाटतो तो दहा बोटांच्या प्राण्याला. मेळावे यंत्राच्या नावाने भरले खरे, पण ते माणसांच्या मोजण्याच्या सवयीचे होते.

आणि तो आकडा काटेकोर तरी होता का? पृथ्वीची स्वतःभोवतीची गती किंचित अनियमित असल्याने जागतिक वेळेत १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालण्याची प्रथा आहे. युनिक्सचे घड्याळ हे लीप सेकंद मोजतच नाही. त्याच्या लेखी प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच. २००९ च्या त्या शुक्रवारपर्यंत असे २४ सेकंद जमा झाले होते. शेवटचा तर अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी, ३१ डिसेंबर २००८ ला, घातला गेला होता. म्हणजे माणसे उलटी गणती करत ‘तीन, दोन, एक’ म्हणाली, तेव्हा खरा १२३४५६७८९० वा सेकंद किमान २४ सेकंद आधीच निघून गेला होता. आपल्या अधिक मासाचा आणि क्षय तिथीचा हिशेब ठेवणाऱ्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. आकाश आणि गणित यांची सांगड घालायची म्हटली की कोठेतरी ठिगळ लावावेच लागते. २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०३५ पर्यंत लीप सेकंदांची ही पद्धत थांबवण्याचे ठरवले आहे.

पुढच्या टप्प्याला मात्र मेजवानीचा सूर लागणे कठीण आहे. बत्तीस बिटांपैकी एक बिट धन-ऋण चिन्हासाठी गेला की उरलेल्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४,७४,८३,६४७. ती १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठली जाईल. पुढच्या सेकंदाला जुन्या पद्धतीची यंत्रे एकदम १३ डिसेंबर १९०१ ला जाऊन पडतील. त्या दिवशी मुंबईत भारतीय प्रमाणवेळ अस्तित्वातच नव्हती. ती १९०६ ची, आणि तिला मुंबईकरांनी बराच काळ दाद दिली नाही. आपले संगणक आणि मोबाइल आता बहुतेक चौसष्ट बिटांचे आहेत, आणि त्यांतील सेकंदांची संख्या काही अब्ज वर्षे संपणार नाही. प्रश्न आहे तो भिंतीत, यंत्रसामग्रीत, वाहनांत बसवून विसरल्या गेलेल्या लहान संगणकांचा. सत्तरच्या दशकात अडुसष्ट वर्षे पुरेशी वाटली, यात त्या दोघांना दोष देण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेत काही वर्षे वापरायची प्रणाली निम्म्या जगाच्या खिशात जाईल, हे कोणाला कळणार होते?

त्याआधी एक टप्पा निर्धास्तपणे साजरा करता येईल. दोन अब्जावा सेकंद १८ मे २०३३ रोजी येतो आहे. बुधवार, भारतीय वेळ सकाळी ९ वाजून ३ मिनिटे २० सेकंद. कोपनहेगनकरांसारखे पहाटे जागण्याचीही गरज नाही. तोवर हा थ्रेड आणि आपण सारे शाबूत असलो, तर पुण्यात भेटू. चहा माझ्याकडून.