लीड स्क्रू कुठून आणायचा?

'मेक इन इंडिया'वर तावातावानं भांडणाऱ्यांनी एकदा लेथच्या कॅरेजखाली वाकून बघावं. मी टर्नर. सध्या घरीच एक छोटा लेथ बांधतोय.

बेड, हेडस्टॉक कसंबसं जमतं. घोडं अडतं ते कॅरेज चालवणाऱ्या भागांवर. साध्या फीडला रॅक-पिनियन पुरतो. आटे पाडायचे तर लीड स्क्रू हवा आणि त्याला पकडणारा हाफ नट. हाफ नट गनमेटलचा करतात, म्हणजे झिजायचं तर त्यानं झिजावं, महागाचा स्क्रू वाचावा. तो मी ओतून घेतला. पण लीड स्क्रू कापायला आधी लीड स्क्रूवाला लेथ लागतो! वर त्या जुन्या स्क्रूच्या पिचमधली चूक नव्यात उतरते ती वेगळीच. शेवटी भंगारातल्या जुन्या लेथचा स्क्रू आणला.

इंग्लंडात हेन्री मॉडस्लेनं हे कोडं १८०० च्या सुमारास सोडवलं. आपल्याकडे?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना काढला. जागा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिली. (संस्थानिक म्हटलं की आपण फक्त हत्ती-घोडे आठवतो!) पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. इकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं बनू लागली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हे साताऱ्यातही फार जणांना माहीत नाही.

क्रम बघा. आधी नांगर, मग पंप, इंजिन. ही सगळी बनवणारा लेथ मात्र बराच काळ बाहेरूनच यायचा. दुसऱ्या महायुद्धात तीही वाट अडली. १९४१ मध्ये किर्लोस्करांनी म्हैसूर संस्थानात हरिहरला लेथचा मोठा कारखाना उभा केला. तिथले लेथ देशभरच्या वर्कशॉपांत गेले. आज तो कारखाना बंद आहे.

आता आपल्या एमआयडीसीत सीएनसी आहेत, चांगलंच आहे. पण त्यांच्या कॅरेजखालचा बॉल स्क्रू बहुतेक वेळा जपान, तैवान नाहीतर जर्मनीचा. नवी मशिनं आली की पुढारी नारळ फोडायला येतात. यातला स्क्रू कुठला, एवढं तेव्हा कुणीतरी विचारा राव.