घंटेचा बाप्तिस्मा

मंचर सोडून घोडेगाव, डिंभे करीत भीमाशंकरला पोहोचलो, पायऱ्या उतरलो, की देवळाच्या आवारात शनिमंदिरापुढे एक भली मोठी घंटा दिसते. जवळ जाऊन निरखले तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा घाटावर आल्या, त्यांतली ही एक. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीला तिच्या बहिणी आहेत. एवढी माहिती कोणीही भाविक सांगतो. माझे मन मात्र दुसऱ्याच गोष्टीपाशी अडकले.

कॅथलिक प्रथेत चर्चची घंटा टांगण्यापूर्वी बिशप तिला पाण्याने धूत, पवित्र तेल लावीत आणि एखाद्या संताचे नाव देत. लोक या विधीला सरळ ‘घंटेचा बाप्तिस्मा’च म्हणत. मग शिवाच्या दारी वाजणाऱ्या घंटेचा बाप्तिस्मा उतरला का? प्रश्न गमतीचा वाटेल. पण घंटेच्या जागी माणूस ठेवला की तो गमतीचा राहत नाही. एकदा ख्रिस्ती झालेल्याचे तारण हरवू शकते का, यावर युरोपात पंथ फुटले आहेत.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये दोन गोष्टी ठरवल्या. महापापाने ईश्वरी कृपा गमावता येते, पश्चात्ताप आणि पापनिवेदनाने ती परत मिळते. बाप्तिस्म्याची आत्म्यावरची मुद्रा मात्र कधीच पुसत नाही. म्हणजे सोडून गेलेलाही ‘गेलेला ख्रिस्ती’च. उलट डॉर्टच्या सभेत (१६१८-१९) कॅल्व्हिनपंथीयांनी निर्णय दिला की देवाने निवडलेला माणूस अडखळेल, पण कायमचा पडणार नाही. यातली मेख लगेच दिसते : जो कायमचा गेला, तो मुळात निवडलेलाच नव्हता, असे म्हणावे लागते. मला ट्रेंटचे उत्तर अधिक माणुसकीचे वाटते, कारण त्यात परतीचा दरवाजा आहे.

वसई पडल्यावर पोर्तुगीज गेले, पण बाप्तिस्मा घेतलेले आगरी, कोळी, भंडारी जमिनीसह इथेच राहिले. बरेच ख्रिस्तीच राहिले, आजही आहेत. काही परतले. १८८२च्या ठाणे गॅझेटियरात आगऱ्यांची ‘वरप’ नावाची शाखा नोंदली आहे : ख्रिस्ती होऊन पुन्हा जातीत आलेल्यांची. परत घेतले खरे, पण नाव वेगळे ठेवून. पुसता न येणारी मुद्रा केवळ रोमच मारते असे नाही. आपल्याकडे जातही मारते.

याचा सर्वांत बोचरा दाखला मुंबईतला आहे. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनकडे बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत त्याच्यामागे मिशनऱ्यांच्या घरी गेला, राहिला, जेवला. वडील सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने मुलगा त्यांच्या हवाली केला. आणि खरा खटला पुढे सुरू झाला. श्रीपतला जातीत घ्यायचे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्यावे. त्यासाठी त्यांना स्वजातीयांचाच रोष पत्करावा लागला. नेताजी पालकरांना १६७६ मध्ये परत घेतल्याचा दाखला इतिहासात होता. पण तो राजाच्या हुकमाचा. इथे राजा इंग्रज होता, आणि जात कोणाचे ऐकायला बांधलेली नव्हती.

दोन्ही भावांकडे एकत्र पाहिले की प्रश्न उलटासुलटा होतो. नारायण शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिला, जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. डॉर्टवाल्यांच्या दृष्टीने निवडलेला माणूस. श्रीपतचा तर बाप्तिस्माच झालेला नव्हता. चर्चच्या वहीत त्याच्या नावावर हरवण्यासारखे काहीच जमा नव्हते. तरीही जातीच्या लेखी काही दिवसांच्या जेवणाने तो पार हरवला होता. मिशनऱ्यांना तो आपला वाटत होता, बापाला तो आपला वाटत होता. पंगतीला मात्र वाटत नव्हता. पंडितांनी ग्रंथ उघडले, सभा झाल्या, पत्रे छापून आली. त्या पोराला काय वाटत होते, हे विचारायचे कोणाला सुचल्याचे मला त्या कागदांत दिसले नाही.

भीमाशंकरला त्या दिवशी गर्दी फार नव्हती. एका आजीने नातवाला उचलून घंटेपाशी धरले. त्याचा हात जेमतेम कडेला लागला, मेरीच्या थोडा खाली.