युझूच्या स्नानाची कुळकथा

वर्षातली सर्वांत मोठी रात्र ज्या दिवशी येते, त्या दिवशी म्हणजे २१ किंवा २२ डिसेंबरला, जपानमधल्या सार्वजनिक स्नानगृहांत गरम पाण्यावर पिवळी फळे तरंगत असतात. हे फळ युझू. लिंबाच्या कुळातले, लहान संत्र्याएवढे, जाड आणि खडबडीत सालीचे. त्या दिवसाला जपानी भाषेत ‘तोजी’ म्हणतात आणि या स्नानाला ‘युझूयू’. सरत्या वर्षाची मरगळ आणि अशुभ धुऊन टाकायचे आणि परतणाऱ्या सूर्याला स्वच्छ अंगाने सामोरे जायचे, हा या स्नानाचा आशय. एक फळ, गरम पाणी आणि एक तिथी. या तिन्हींचे मूळ वेगवेगळे आहे, आणि तिघांची भेट व्हायला हजार वर्षे लागली.

आधी तिथी. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे चोवीस समान भाग करून शेतीचा आणि ऋतूंचा हिशेब ठेवण्याची पद्धत चीनची. तोजी हा त्यांतलाच एक भाग, सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोहोचतो तो क्षण. चिनी विचारात थंड आणि अंधारे ते यिन, उष्ण आणि उजेडाचे ते यांग. ‘यी चिंग’ या प्राचीन ग्रंथातल्या ‘फू’ नावाच्या आकृतीत पाच यिन रेषांच्या तळाशी एकच यांग रेषा असते. अंधार शिगेला पोहोचला की उजेड तळातून परतू लागतो, असा तिचा अर्थ. हेच सूत्र जपानमध्ये ‘इचियो राइफुकु’ या चार अक्षरांत रुजले. म्हणून तोजी हा शोकाचा दिवस नव्हे, पालवीचा आहे. पंचांगाबरोबर ही कल्पना समुद्र ओलांडून आली आणि ७२५ साली सम्राट शोमु याने नारा इथल्या दरबारात तोजीची मेजवानी दिली.

आपल्या मकरसंक्रांतीचे मूळही याच क्षणाशी बांधलेले आहे. संक्रांतीला आपण उत्तरायण म्हणतो आणि त्या दिवशी तीळ लावून स्नान करतो. पण आपले पंचांग राशी ताऱ्यांवरून मोजते, आणि अयनबिंदू सुमारे ७२ वर्षांना एक दिवस या गतीने सरकतो. म्हणून आज संक्रांत खऱ्या अयनाच्या तीन आठवडे मागून येते. चिनी-जपानी गणना थेट सूर्याच्या स्थितीवर असल्यामुळे तोजी मात्र जागची हललेली नाही.

आता गरम पाणी. त्याचा माग काढत गेले की वाट भारताकडे वळते. जपानच्या बौद्ध विहारांत स्नानाला धर्मकृत्याचे स्थान मिळाले ते एका सूत्रग्रंथामुळे. दुसऱ्या शतकात आन शिकाओ याने तो चिनी भाषेत आणला, अशी परंपरा आहे. त्यात बुद्धाचा वैद्य जीवक भिक्षुसंघाला स्नानासाठी बोलावतो आणि बुद्ध त्याला स्नानाला लागणाऱ्या सात वस्तू सांगतो. अग्नी, शुद्ध पाणी, अंगाला चोळायची भरड, स्निग्ध लेप, बारीक राख, दातांसाठी काडी आणि अंगावरचे वस्त्र. आपल्या अभ्यंगाची तयारी करणाऱ्या कोणालाही ही यादी ओळखीची वाटेल. नाराच्या मोठ्या विहारांनी स्नानगृहे बांधली आणि रोग्यांना, गरिबांना त्यांत फुकट स्नान देणे पुण्याचे मानले. सम्राट शोमुची राणी कोम्यो हिने हजार जणांना आपल्या हातांनी स्नान घालण्याचा संकल्प केला, हजारावा आला तो कुष्ठरोगी, आणि तिने त्याचीही सेवा केल्यावर तो अक्षोभ्य बुद्धाच्या रूपात प्रकटला, अशी आख्यायिका जपानमध्ये आजही सांगतात. नवऱ्याने तोजीचा उत्सव केला, बायकोने स्नानदान. एकाच घरात दोन्ही गोष्टी होत्या, तरी त्यांची गाठ अजून पडलेली नव्हती.

तिसरे म्हणजे फळ. युझूचे मूळ यांगत्से नदीच्या वरच्या खोऱ्यातले मानतात. तिथून ते कोरियामार्गे जपानला पोहोचले. ७७२ साली नाराला आकाशातून दगड पडले, ते युझूएवढे होते, अशी नोंद ‘शोकू निहोंगी’ या राजइतिहासात आहे. म्हणजे तोवर हे फळ सर्वांच्या परिचयाचे झालेले होते. लिंबूवर्गातली बहुतेक झाडे थंडीने मरतात, युझू मात्र कडक हिमातही तगते. बियांपासून लावले तर फळ धरायला खूप वर्षे लागतात, जपानी म्हणीत तर अठरा वर्षे सांगितली आहेत. ते पिकून पिवळे होते नेमके तोजीच्या सुमारास. सारी बाग उघडी पडलेली असताना हे एकच झाड रंगाने आणि वासाने भरलेले असते. उग्र सुगंधाने अरिष्ट पळते ही समजूत जपानमध्ये जुनी आहे, पाचव्या महिन्याच्या पंचमीला वेखंडाची पाने घालून स्नान करण्याची चाल त्यातूनच आली. हिवाळ्यात तो मान युझूकडे गेला.

या तिघांची गाठ घातली ती एदो शहराने, म्हणजे आजच्या तोक्योने. सरदार तोकुगावा इएयासु तिथे आला १५९० साली, आणि पुढच्याच वर्षी झेनिगामे पुलाजवळ पहिले सार्वजनिक स्नानगृह सुरू झाल्याची नोंद आहे. शहर लाकडी घरांचे, आगीची सदा धास्ती, पाणी आणि सरपण महाग. त्यामुळे घरोघरी न्हाण्या नव्हत्या, आणि व्यापारी, सुतार, हमाल सारेच ‘सेंतो’मध्ये, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, अंघोळीला जात. सेंतोवाले सणावारी पाण्यात काही खास घालत. सायतो गेश्शिन याने १८३८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘तोतो साइजिकी’ या वर्षभराच्या सणांच्या नोंदवहीत तोजीला स्नानगृहांत युझूचे पाणी तापवतात असा स्पष्ट उल्लेख आहे. तोजी आणि युझू या शब्दांवरच्या कोट्याही एदोकरांनी रचल्या, आणि पुष्कळ जण त्यांनाच प्रथेचे कारण मानतात. मला ते पटत नाही. हंगामात मुबलक मिळणारे, वासाने घर भरणारे फळ आणि रोज तापणारे सामायिक पाणी, एवढी कारणे पुरेशी आहेत.

या स्नानातले खरे द्रव्य म्हणजे युझूचे तेल. सालीच्या पिवळ्या थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. त्या तेलात सर्वाधिक प्रमाण लिमोनीनचे, त्यानंतर गॅमा-टर्पिनीनचे, आणि थोड्या लिनॅलूलने त्याला फुलासारखी झाक येते. हे तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते आणि वाफेबरोबर उडते. म्हणून वास पाण्यापेक्षा पाण्यावरच्या हवेत अधिक असतो. फळ अख्खे टाकले तर तेल हळूहळू सुटते, कापून फडक्यात बांधले तर झपाट्याने. नाजूक कातडीला कापलेल्या फळाने चुणचुण होते, म्हणून जाणती माणसे अख्खेच फळ टाकतात.

आज जपानमधल्या एकूण युझूपैकी निम्म्याच्या आसपास पीक एकट्या कोची प्रांतात निघते. रस काढून उरलेल्या सालींचे तिथे ऊर्ध्वपातन करून तेल बाटलीत भरतात. दुसरीकडे १९६८च्या सुमारास देशभर १८,००० सेंतो होते, ते आता २,०००पेक्षाही कमी उरले आहेत. घरोघरी न्हाणीघर आले आणि बाजारात सुगंधी तेलाची बाटली आली, त्यामुळे तोजीचे स्नान घरातही होऊ लागले. ते वाईट नाही. पण बाटलीतले तेल थेट टबात ओतू नये. ते पाण्यात मिसळत नाही, तवंग होऊन तसेच कातडीला लागते आणि भाजल्यासारखी आग होते. आधी त्याचे दोन-चार थेंबच साध्या खाद्यतेलात मिसळावेत.

ही प्रथा बाटलीमुळे टिकलेली नाही. ती टिकली कारण सुतार आणि व्यापारी एकाच पाण्यात उतरत होते. डिसेंबरच्या अखेरीस जपानला जाणे झाले, तर तोजीच्या संध्याकाळी एखाद्या गल्लीतल्या सेंतोमध्ये जरूर जा. तिकीट थोडक्या पैशांचे असते, आणि अशी स्नानगृहे चालू राहायची तर त्यांना गिऱ्हाईक हवे.