सोंगाचा मान आणि नर्तनाचा व्यवसाय

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरमाथ्यावर नाच ज्यास मुळीच ठाऊक नाही असा मनुष्य शोधावा लागेल. परंतु 'आपला व्यवसाय कोणता?' या प्रश्नास 'नृत्य' असे उत्तर देणारा मनुष्य शोधणे त्याहूनही कठीण आहे. या दोन गोष्टी एकाच भूमीत एकत्र कशा नांदतात, याचा विचार आपल्या समाजाच्या घराघरांत व्हावा असे आम्हांस वाटते. कारण आता आपल्या मुलामुलींपैकी कोणी ना कोणी आईवडिलांपुढे उभे राहून 'मला नृत्यच शिकावयाचे आहे' असे म्हणू लागले आहे, आणि त्यास काय उत्तर द्यावे हे वडीलधाऱ्यांस उमगत नाही.

प्रथम आपल्या घरची संपत्ती पाहू. मुकणे राजघराण्याच्या अंमलाखालील जव्हार संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. राज्यकर्ते बदलले, जिल्हे बदलले. नाचाचे पंचांग मात्र शेतीच्या पंचांगाशी बांधलेलेच राहिले. भाद्रपदात गौरीचा नाच येतो. नवे भात हाती येऊ लागले की तारपा निघतो. वाळलेला भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांपासून सिद्ध होणारे हे वाद्य वाजविणारा मध्ये असतो, आणि एकमेकांच्या कमरेस हात घालून नाचणारी मंडळी त्याच्याभोवती फेर धरतात. वादकास पाठ दाखवावयाची नाही, हा त्यातील दंडक. त्याने चाल बदलली की साऱ्या फेराचे पाऊल बदलते.

फाल्गुनापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या तिथीप्रमाणे बोहाडा उभा राहतो. भात-नागली-वरईची कामे आटोपली की वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर पोट भरावयास गेलेली कुटुंबे शिमग्यास घरी परततात. त्यामुळे बोहाडा हा परतलेल्या गावाचाही उत्सव असतो. संबळ आणि सनईच्या नादावर, टेंभ्यांच्या उजेडात, आधी गणपती, मग शारदा आणि त्यामागून देव, दैत्य, वीर अशी सोंगे नाचत येतात. अखेरीस देवी महिषासुराचा वध करते. कागदाच्या लगद्याचे व लाकडाचे हे मुखवटे घडविण्यात जव्हार तालुक्यातील रामखिंडीसारख्या गावांनी नाव मिळविले आहे. रावणाचे मुखवटे व सारा डोलारा अंगावर घेऊन नाचणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

परंतु पुष्कळ गावांत अमुक सोंग अमुक घराण्याने नाचवावयाचे, असा मान ठरलेला असतो. बाप थकला की मुलगा मुखवटा उचलतो. कित्येकदा त्यामागे नवस असतो. देवीच्या आणि इतर स्त्रीरूपाच्या सोंगांतही परंपरेने पुरुषच नाचत आले. म्हणजे येथील नृत्य हे कर्तव्य आहे, मान आहे, श्रद्धा आहे. मात्र ते कोणाच्या उदरनिर्वाहाचे साधन नव्हते. ज्यास मान नाही त्याने कितीही कसब दाखविले तरी सोंग मिळेलच असे नाही, आणि मुलीस तर ते मिळणे अवघडच. गुण पाहून शिष्य निवडणारा गुरू आणि गुणांवर पोट भरू देणारा व्यवसाय, या दोन्ही गोष्टी गावाच्या रचनेत नव्हत्या. यात गावाचा दोष नाही. गावास त्यांची गरजच नव्हती.

मग नृत्याचा व्यवसाय महाराष्ट्रात प्रतिष्ठित झाला तो कोणत्या मार्गाने? या प्रश्नाचे उत्तर एका मराठी मुलीच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते, तितके ते अन्यत्र क्वचितच दिसेल. ती मुलगी म्हणजे सुप्रसिद्ध कथक नर्तिका दमयंती जोशी.

त्यांचा जन्म १९२८ मध्ये मुंबईत झाला. त्या काळी सुशिक्षित घरांत नृत्याचे नाव काढणेही धोक्याचे होते. देवदासींच्या प्रथेमुळे नर्तकीकडे समाज ज्या दृष्टीने पाहत होता, तिचे सावट सर्वांवर होते. देवदासी संरक्षणाचा कायदा मुंबई इलाख्यात झाला तोच मुळी १९३४ मध्ये. अशा दिवसांत नृत्यास घरंदाज व्यासपीठ मिळवून देण्याचा ध्यास घेतलेल्या एक बाई मुंबईत होत्या. त्यांचे मूळ नाव लीला रॉय. हाफकिन संस्थेतील शास्त्रज्ञ साहिबसिंग सोखे यांच्या त्या पत्नी, आणि रंगभूमीवर मादाम मेनका या नावाने त्या विख्यात होत्या. १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिकच्या निमित्ताने भरलेल्या नृत्यमहोत्सवात त्यांच्या संचाने बक्षिसे मिळविली होती. पुढे खंडाळ्यास त्यांनी 'नृत्यालयम्' हे गुरुकुल काढले.

या मेनकाबाईंची दृष्टी लहानग्या दमयंतीवर गेली आणि मुलीस दत्तक घेण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. आता वाचकांनी त्या मुलीच्या आईच्या जागी स्वतःस ठेवून पाहावे. एका बाजूस थोर घर, विद्या, कीर्ती. दुसऱ्या बाजूस आपले लेकरू. वत्सला जोशी यांनी काय केले? त्यांनी मुलगी देऊन टाकली नाही आणि अडवूनही धरली नाही. दोघींनी मिळून तिचे संगोपन करावे, असे ठरले. मुलगी मेनकांच्या घरी वाढली, शिकली; पण आईचे नाते तुटले नाही. दमयंतीबाईंच्या पुढील साऱ्या कीर्तीचा पाया आमच्या मते या एका समंजस निर्णयात आहे.

मेनकांच्या पथकातील पंडित सीताराम प्रसाद यांच्याकडे दमयंतीचे कथकचे शिक्षण झाले. दहाव्या वर्षाच्या सुमारास ती संचात नाचू लागली आणि पंधराव्या वर्षी प्रमुख नर्तिका झाली. परंतु १९४७ मध्ये मेनकाबाई निवर्तल्या. छत्र हरपले तेव्हा दमयंतीबाई अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. एखादीने मिळालेल्या नावावर दिवस काढले असते. दमयंतीबाईंनी मात्र लखनौ घराण्याचे लच्छू महाराज व शंभू महाराज आणि जयपूर घराण्याचे हिरालाल यांच्यापुढे बसून कथकची साधना अधिक खोल केली. भरतनाट्यमचेही शिक्षण घेतले. संचातील नर्तिका आणि तास-दोन तास एकटीने रंगमंच सांभाळणारी नर्तिका यांत फार अंतर आहे. पहिलीस आखून दिलेल्या हालचाली येणे पुरते; दुसरीच्या अंगी १६ मात्रांच्या तीनतालाचा हिशेब इतका मुरलेला असावा लागतो, की तबलजीशी सवाल-जबाब करतानाही समेवरचे पाऊल चुकू नये. १९५० नंतरच्या दशकात त्या एकल नर्तिका म्हणून देशापुढे आल्या. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मश्री हे सन्मान त्यांस लाभले. शिष्यवर्ग घडविण्याचे कार्यही त्यांनी केले. १९ सप्टेंबर २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

कोणी म्हणेल, मेनका सर्वांनाच कोठून भेटणार? हे खरे आहे. म्हणून ज्यांनी विद्यालयाच्या बळावर हा व्यवसाय स्थिर केला त्यांचीही उदाहरणे पाहावीत. रोहिणी भाटे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली आणि १९४७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पुण्यात 'नृत्यभारती' ही संस्था काढली. संस्था काढल्यावरही त्यांचे स्वतःचे शिकणे थांबले नाही. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्यांनी अनेक वर्षे तालीम घेतली. २००८ मध्ये त्या निवर्तल्या तेव्हा त्यांच्या शिष्यांच्या शिष्या वर्ग चालवीत होत्या. पुरुषांत पार्वतीकुमार यांचे नाव घ्यावयास हवे. १९२१ मध्ये जन्मलेल्या या नृत्यगुरूंनी तंजावरचे सरफोजी राजे यांच्या मराठी नृत्यरचना अभ्यासून त्या भरतनाट्यमच्या रंगमंचावर आणल्या. दक्षिणेतील या नृत्यात आपली मायबोली दोनशे वर्षांपूर्वीच बसविलेली होती, हे त्यांच्यामुळे महाराष्ट्रास पुन्हा कळले.

या तिन्ही चरित्रांतून एक गोष्ट निश्चित होते. नर्तनाचा व्यवसाय चार खांबांवर उभा राहतो: गुरू, दीर्घ काळाची साधना, त्या काळातील चरितार्थाची सोय आणि घरची संमती. रंगमंचावरील टाळ्या हा त्याचा कळस आहे. नित्याचे अन्न बहुधा शिकविण्यातूनच मिळते. पहिल्या दोन खांबांची व्यवस्था आता पूर्वीइतकी दुर्घट राहिलेली नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नृत्याच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात आहेत. प्रत्येकीस एक वर्ष धरले तरी सात वर्षे होतात. त्यापुढे अलंकार. डॉ. कनक रेळे यांनी मुंबईत स्थापन केलेले नालंदा नृत्यकला महाविद्यालय आणि पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र येथे नृत्यात पदवी मिळते. म्हणजे दहाव्या वर्षी आरंभ करणारी मुलगी विशीच्या उंबरठ्यावर शिक्षिका होण्यास पात्र ठरू शकते. अडचण आहे ती उरलेल्या दोन खांबांची. मोखाड्याहून मुलीस रोज नाशिकला वा ठाण्याला पाठविणे शक्य नाही; तिच्या निवासाचा व शिक्षणाचा भार सात वर्षे कोणी उचलावा, हा खरा प्रश्न आहे.

येथे आणखी एक शंका निघेल. शहरी नृत्य शिकावे म्हणजे आपला तारपा, आपला बोहाडा टाकावा काय? मुळीच नाही. याचे उत्तर आपल्याच परिसराने दिले आहे. वारली चित्र हे लग्नघरच्या भिंतीवर सुवासिनींनी रेखाटावयाचे विधीचे अंग होते. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर व कापडावर आणले, जगभर नेले आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळविली. तरी लग्नघरचा चौक काही बंद पडला नाही. जव्हार तालुक्यातील वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी सारे आयुष्य तारपा वाजविला, आणि वयाची नव्वदी उलटल्यावर २०२६ मध्ये त्यांस पद्मश्री जाहीर झाली. जो तारपा आपल्या अंगणात आहे म्हणून आपण साधा मानला, त्याची योग्यता राष्ट्राने मान्य केली. मात्र ही मान्यता नव्वदीत यावी आणि तोवर कलावंताने अन्य कष्टांवर पोट भरावे, हा क्रम पुढच्या पिढीसाठी पालटला पाहिजे.

म्हणून समाजबंधु-भगिनींस आमची नम्र विनंती अशी. ज्या घरी नृत्याची ओढ असलेले मूल आहे, त्या घराने वत्सला जोशी यांचा कित्ता गिरवावा. मुलास तोडू नये आणि अडवू नये. विद्यार्थी साहाय्य निधीतून वैद्यक व अभियांत्रिकी शिकणाऱ्यांस जसे साहाय्य द्यावयाचे, तसेच ते विशारदपर्यंतच्या सात वर्षांसाठी एखाद्या नृत्यविद्यार्थ्यासही देण्याचा विचार कार्यकारिणीने करावा. एक-दोन वर्षे देऊन हात आखडता घेणे हे न देण्यासारखेच आहे. आणि ज्या घराण्यांकडे सोंगाचा मान आहे, त्यांनी त्या सोंगाची चाल, ताल व रीत लिहून ठेवावी, तसेच घरातील मुलींनाही ती शिकवावी. गावचा दंडक काय तो गाव ठरवील. परंतु अंगणात पाऊल शिकण्यास कोणत्या देवाची मनाई आहे?

उद्या आपल्यातील कोणी मुलगा वा मुलगी मोठ्या रंगमंचावर उभी राहील, तेव्हा तिच्या पायांत घुंगरू गुरूंनी बांधलेले असतील. पण पहिला ठेका तिने शिमग्याच्या रात्री, टेंभ्याच्या उजेडात, संबळावर ऐकलेला असेल. तो ठेका तिच्या स्मरणात राहावा आणि दर फाल्गुनात तिची पावले गावाकडे वळावीत, एवढेच मागणे मागून हा लेख येथे पुरा करतो.