मीटरच्या पोटातली चूक

आपल्याकडे शेर, पायली, मण जाऊन किलो आणि मीटर आले ते १९५६ च्या कायद्यानंतर. त्याआधी या गावची पायली त्या गावाला चालत नसे. फ्रान्समध्येही असाच घोळ होता. म्हणून १७९१ साली तिथल्या विद्वानांनी ठरवलं, की माप राजाच्या पावलावरून न घेता पृथ्वीवरून घ्यावं. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग, तो मीटर.

आता एवढी पृथ्वी मोजणार कोण? डंकर्क ते बार्सिलोना हा पट्टा मोजायचा, बाकीचं गणितानं काढायचं. १७९२ साली दलांब्र उत्तरेच्या कामाला लागला, मेशँ दक्षिणेच्या. डोंगरमाथ्यांवरून, चर्चच्या मनोऱ्यांवरून कोन घेत त्रिकोणांची साखळी जोडायची आणि दोन्ही टोकांचे अक्षांश ताऱ्यांवरून ठरवायचे.

मेशँ फार काटेकोर माणूस. बार्सिलोनाजवळच्या मोंजुइक किल्ल्यावर त्यानं हिवाळाभर वेध घेतले. १७९३ साली फ्रान्स आणि स्पेन यांचं युद्ध पेटलं नि किल्ला त्याला बंद झाला. मग पुढच्या हिवाळ्यात शहरातल्या एका खाणावळीतून त्यानं पुन्हा तारे मोजले. दोन जागांमधलं अंतर माहीत होतंच. ताळा केला, तर तीन विकलांचा फरक! जमिनीवर हे होतात नव्वदेक मीटर.

आमच्या प्रयोगशाळेत मुलं न जुळणारं वाचन हळूच खोडतात. मी रागावतो, पण मेशँ आठवतो. त्यानंही हा फरक कुणाला सांगितला नाही. १७९९ साली प्लॅटिनमचा मीटर तयार झाला. तो ठरवल्यापेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड निघाला, पण त्याचं मुख्य कारण पृथ्वीच्या चपटेपणाचा चुकलेला अंदाज. मेशँची चूक त्यात नगण्य. त्याच्या मनातून मात्र ती गेली नाही. काम आणखी दक्षिणेला न्यायचं म्हणून तो पुन्हा स्पेनला गेला आणि १८०४ साली तिथंच तापानं वारला.

कागद दलांब्रच्या हाती आले, तेव्हा त्याला सारं कळलं. त्यानं ते जाळले नाहीत. पॅरिसच्या वेधशाळेत जपून ठेवले.

पुढे १८२८ साली निकोले नावाच्या ज्योतिर्विदानं तेच आकडे पुन्हा मांडले. डोक्यावरच्या बिंदूच्या उत्तरेचे तारे वेगळे धरले, दक्षिणेचे वेगळे. उपकरण थोडं कललेलं असलं, तर एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूच्या चुकीत फिटते. तसं करताच तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. दोष हाताचा नव्हताच. शंभरदा मोजलं, तरी कललेलं यंत्र शंभरदा तेच चुकीचं उत्तर देणार. मेशँला जाऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती.